दुसऱ्या हार्ड डिस्कवरील जुनी कार्यप्रणाली कशी काढावी?

संगणक जुना झाला म्हणून आपल्याकडे तो सहसा कोणी टाकून देत नाही. त्याची हार्ड डिस्क काढून नव्या संगणकात दुसरी डिस्क म्हणून बसवली जाते, किंवा त्याच संगणकात नवी एसएसडी घालून जुनी डिस्क साठवणुकीसाठी ठेवली जाते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे नव्या विंडोजशेजारी जुनी विंडोज बाळगणारे संगणक अनेक घरांत व संस्थांत आढळतात. ही जुनी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, जागा अडवते आणि पुष्कळदा संगणक सुरू होताना ‘कोणती विंडोज हवी?’ असा प्रश्न विचारीत बसते. ती काढून टाकावी असे वाटणे स्वाभाविक आहे.

ती पुसण्यास फार वेळ लागत नाही. मात्र तिच्यावर काय काय अवलंबून आहे, हे आधी शोधावे लागते. तो शोध न घेता डिस्क फॉरमॅट केल्यास दोन प्रकारची हानी संभवते: नवा संगणक सुरूच होत नाही, किंवा पुन्हा न मिळणारे कागद नाहीसे होतात. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही आधी शोध, मग चाचणी आणि शेवटी पुसणे, या क्रमाने हा विषय मांडीत आहोत.

प्रथम, काय वाचवावयाचे?

जुन्या विंडोजमध्ये वापरकर्त्याची कागदपत्रे ‘युजर्स’ या फोल्डरात, त्याच्या नावाखाली असतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चारही उपफोल्डर उघडून पाहावेत. आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांच्या संगणकात जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांच्या स्कॅन प्रती असतात. त्या प्रवेशाच्या ऐन वेळी लागतात. त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर वा बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते की नाही, हे दुसऱ्या संगणकावर पाहावे.

येथे मराठी वाचकांसाठी एक विशेष सूचना आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे आपले पुष्कळसे लेखन श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत टाइप केलेले आहे. तो फाँट संगणकात नसेल, तर तीच फाइल अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दाखवते. हे फाँट जुन्या विंडोजच्या फोल्डरातील ‘फाँट्स’ या उपफोल्डरात असतात व विंडोजबरोबर तेही पुसले जातात. जुन्या स्मरणिका, इतिवृत्ते, भाषणे अथवा पत्रव्यवहार जपावयाचा असेल, तर मजकुराबरोबर फाँटही उतरवून घ्यावेत.

प्रती काढताना ‘परवानगी नाही’ अशी सूचना आल्यास प्रशासक खात्यातून पुढे जाण्याची संमती द्यावी. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरे, कोणती डिस्क कोणती?

स्टार्ट बटणावर उजवे क्लिक केल्यास येणाऱ्या यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे डिस्कची मोजणी शून्यापासून होते. क्रमांकावर विसंबू नये. डिस्कची क्षमता व तीवरील विभाग पाहून ओळख पटवावी आणि ती कागदावर लिहून ठेवावी.

आता प्रत्येक विभागाखालील इंग्रजी शब्द वाचावेत. ‘बूट’ असे लिहिलेल्या विभागात सध्या चालू असलेल्या विंडोजच्या फाइली असतात. संगणक सुरू करून देणाऱ्या फाइली मात्र ‘सिस्टिम’ असे लिहिलेल्या विभागात असतात. नावांची ही अदलाबदल अनेकांना चकवते. नवी विंडोज बसवताना जुनी डिस्क जोडलेलीच असेल, तर प्रारंभाच्या फाइली पुष्कळदा जुन्या डिस्कवरील तयार विभागातच जाऊन बसतात. घर नवे, पण किल्ली जुन्या घराच्या खुंटीला, अशी ही अवस्था होय.

‘सिस्टिम’ हा शब्द नव्या डिस्कवर असेल, तर मार्ग सोपा आहे. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ हा कार्यक्रम उघडून ‘बूट’ या पानावर जावे. ‘करंट ओएस’ असे लिहिलेल्या नोंदीला हात लावू नये. जुन्या विंडोजची नोंद निवडून ती काढावी. सुरुवातीचा प्रश्न तेवढ्याने थांबतो.

तो शब्द जुन्या डिस्कवर असेल, तर नव्या डिस्कवर प्रारंभाच्या फाइली आधी निर्माण कराव्या लागतात. त्यासाठी विंडोजमध्येच ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा आहे. यूईएफआय पद्धतीच्या संगणकात तिच्यासाठी नव्या डिस्कवर फॅट३२ स्वरूपाचा एक छोटा ईएफआय विभाग लागतो. जुन्या बायोस पद्धतीत मुख्य विभाग ‘अॅक्टिव्ह’ करावा लागतो. आपला संगणक कोणत्या पद्धतीचा, हे ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधील ‘बायोस मोड’ या ओळीत कळते. हे काम जाणकाराला शेजारी बसवून करावे, असा आमचा आग्रह आहे.

तिसरे, चाचणी

शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करावे, म्हणजे संगणक खरोखर पूर्ण बंद होतो. विजेची वायर काढावी. मग जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी, माहितीची व विजेची, सोडवून संगणक सुरू करावा. नवी विंडोज नेहमीप्रमाणे उघडली, तर ती स्वतंत्र झाली असे निश्चित समजावे. न उघडल्यास काहीही गमावलेले नसते. डिस्क परत जोडावी आणि मागील पायरी पुन्हा तपासावी. या चाचणीशिवाय पुढे जाऊ नये.

चौथे, पुसणे

वाचवलेल्या प्रती सुरक्षित आहेत याची खात्री करून, संगणक बंद ठेवून डिस्क पुन्हा जोडावी. केवळ ‘विंडोज’ हा फोल्डर डिलीट करण्याचा प्रयत्न पुष्कळजण करतात. परंतु त्या फाइलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या अंतर्गत खात्याकडे असल्याने विंडोज नकार देत राहते. त्यापेक्षा सर्व माहिती बाहेर काढणे, डिस्क मॅनेजमेंटमधून तो विभाग एनटीएफएस स्वरूपात फॉरमॅट करणे आणि माहिती परत आणणे अधिक स्वच्छ ठरते.

जुन्या डिस्कवरील ईएफआय किंवा रिकव्हरी हे छोटे विभाग तेथून सहसा निघत नाहीत. त्यांच्यासाठी ‘डिस्कपार्ट’मधील ‘क्लीन’ ही आज्ञा आहे. ती संपूर्ण डिस्कची विभागरचना पुसते आणि ‘खात्री आहे का?’ असे एकदाही विचारीत नाही. म्हणून डिस्क निवडल्यावर पुन्हा यादी मागवावी आणि निवडलेल्या डिस्कपुढील तारकाचिन्ह कागदावरील नोंदीशी ताडून पाहावे.

जुन्या डिस्कवर लिनक्स असल्यासही नियम हाच. तेथे प्रारंभाचे काम बहुधा ‘ग्रब’ पाहतो. आधी यूईएफआयच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणावा, चाचणी करावी आणि नंतरच लिनक्सचे विभाग काढावेत.

संगणक भेट देताना

माजी विद्यार्थी आपले जुने संगणक शाळांना व वाचनालयांना प्रेमाने देतात. अशा वेळी ‘क्विक फॉरमॅट’ पुरेसे नसते. त्याने केवळ अनुक्रमणिका पुसली जाते. आधारकार्ड, बँकेचे पासबुक, कुटुंबाची छायाचित्रे डिस्कवर तशीच राहतात आणि साध्या साधनांनी परत मिळू शकतात. हार्ड डिस्कसाठी ‘डिस्कपार्ट’मधील ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते. तिला काही तास लागू शकतात. एसएसडीसाठी उत्पादकाने दिलेले सुरक्षित पुसण्याचे साधन वापरावे.

हे सारे एखाद्या रविवारी होण्यासारखे काम आहे. घरातील शिकणाऱ्या मुलामुलींना ते शेजारी बसवून दाखवावे आणि डिस्कची ओळख लिहिण्याचा कागद त्यांच्याच हाती द्यावा, अशी पालकांना आमची विनंती आहे.