पाठीचा वारा

दिवाळी सरली. पाऊस तर कधीच गेला होता. शाळू उगवून वर आला होता. बारामतीच्या बाजूला ऊसतोड सुरू झाली. उसानं भरलेल्या गाड्या कारखान्याकडं जाऊ लागल्या.

हे दिवस सायकलीच्या शर्यतींचे. पावसाळ्यात रस्ता निसरडा असतो. खड्ड्यात पाणी साचतं. खड्डा किती खोल आहे ते कळत नाही. म्हणून त्या दिवसांत आपल्याकडं शर्यती फारशा होत नाहीत. थंडी पडू लागली की शर्यतींचा हंगाम सुरू होतो.

आज आपण अशाच एका शर्यतीची गोष्ट वाचू. वाचता वाचता वाऱ्याविषयी थोडं शिकू.

वगार विकली

एक शेतकऱ्याचा मुलगा होता. वय बावीस. घरात दोन म्हशी आणि एक वगार. मुलगा रोज पहाटे जुन्या सायकलीवरून डेअरीवर दूध घालायला जाई. सायकल चालवायची त्याला भारी हौस. आपणही शर्यतीत उतरावं, असं त्याला वाटू लागलं.

पण दुधाची सायकल जड. तिच्यावर शर्यत कशी करायची? शेवटी वगार विकली आणि शर्यतीची एक जुनी सायकल घेतली.

आई म्हणाली, "वगार पुढं म्हैस झाली असती. दूध दिलं असतं. ही सायकल काय देणार?"

मुलगा म्हणाला, "बक्षीस देईल."

आबा काही बोलले नाहीत. वगारीचं दावं मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं सोडलं.

मामाचं दुकान

मुलाच्या मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी मामा शर्यतीत उतरत असे. भाचा सायकल घेऊन त्याच्याकडं गेला.

"मामा, येत्या रविवारी शर्यत आहे. बारामतीहून फलटणच्या रस्त्यानं २५ किलोमीटर जायचं आणि परत यायचं. पहिल्या पाच जणांना रोख बक्षीस आहे."

मामानं चाकं फिरवून पाहिली. ब्रेक दाबून पाहिले. टायरमध्ये हवा भरली. मग विचारलं, "सराव किती दिवस केलास?"

"पंधरा दिवस."

"आणि त्याच्या आधी?"

"पावसात सायकल टांगून ठेवली होती."

मामा म्हणाला, "चार महिने बैल दावणीला बांधला आणि एकदम नांगराला जुंपला, तर काय होईल? तसंच पायांचं आहे. हंगामाची पहिली शर्यत जिंकायला जाऊ नये. शिकायला जावं. दोन गोष्टी ध्यानात ठेव. तहान लागायच्या आधी पाणी पी. आणि वाऱ्याला उगाच तोंड देऊ नको."

मग मामानं एक जुनी हकीकत सांगितली. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी सायकलीची पहिली मोठी शर्यत फ्रान्स देशात झाली. तारीख होती ७ नोव्हेंबर १८६९. पॅरिस शहरापासून रुआं शहरापर्यंत जायचं होतं. अंतर सुमारे १२३ किलोमीटर. जेम्स मूर नावाचा इंग्रज पहिला आला. त्याला दहा तासांच्या वर वेळ लागला. तेव्हा टायरमध्ये हवा भरत नसत. डनलप यांनी हवेचा टायर काढला तो १८८८ साली. त्याच्या आधी सायकल दगडाधोंड्यांवरून खडखडत जाई.

"त्या शर्यतीत एक गमतीचा नियम होता," मामा म्हणाला. "सायकल कुत्र्याकडून ओढून घ्यायची नाही. आणि सायकलीला शीड लावायचं नाही."

शीड म्हणजे गलबताला लावतात ते मोठं कापड. त्यात वारा भरला की गलबत पुढं जातं.

भाचा हसला. "सायकलीला शीड कोण लावतो, मामा?"

मामा म्हणाला, "कळेल तुला."

जाताना

रविवार उजाडला. आठ वाजता शर्यत सुटली. एकंदर ३४ जण होते. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट होती. हेल्मेट नसेल त्याला उतरू देत नव्हते. पुढं एक जीप होती. मागं एक टेम्पो होता.

सुरुवातीला सगळे एका घोळक्यात चालले होते. रस्त्यात कुठं ऊस पडलेला असे. पुढचा माणूस हात दाखवून ओरडे, "ऊस, ऊस!" मग मागचे बाजूला होत. शर्यत असली तरी हा शब्द सगळे पाळत होते. एक पडला तर मागचे दहा पडतात.

मुलाला वाटलं, आज पाय कसे हलके आहेत! पेडल आपोआप फिरतंय. हे सगळे इतके सावकाश का चाललेत?

त्यानं जोर केला. घोळका सोडून तो पुढं निघाला. नीरा नदीचा पूल मागं पडला. कानाला वारा फारसा लागत नव्हता. सायकल ताशी ३५ किलोमीटर वेगानं पळत होती. मागं वळून पाहिलं तर कोणी दिसेना.

फलटणच्या अलीकडं रस्त्यात एक पिंप ठेवलं होतं. त्याला वळसा घालून परत फिरायचं होतं. मुलगा तिथं सगळ्यांच्या आधी पोचला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलाला वाटलं, बक्षीस आता आपलंच. घोटभर पाणी प्यायचंही त्याला सुचलं नाही.

येताना

पिंपाला वळसा घातला आणि तोंडावर वारा आला.

जणू कोणी छातीला हात लावून मागं ढकलत होतं. मुलानं मान खाली घातली. जोर केला. पण सायकल पळेना. ऊन चढलं तसा वाराही वाढला. मांड्या भरून आल्या. घसा कोरडा पडला.

इतक्यात मागून नऊ जणांची रांग आली. एकामागं एक, अगदी जवळ जवळ. पुढचा थोडा वेळ वारा कापी. मग बाजूला होऊन तो रांगेच्या शेवटी जाई. मग दुसरा पुढं होई. अशी त्यांची पाळी चालली होती. मुलगा त्यांच्या मागं लागायला गेला. पण त्याच्यात ताकद उरली नव्हती. रांग निघून गेली.

मग आणखी तिघं पुढं गेले. मुलाला वाटलं, थांबावं. सायकल टेम्पोत टाकावी. आईचा शब्द त्याला आठवला. "ही सायकल काय देणार?"

तेवढ्यात मागून एक गृहस्थ आले. चाळिशी उलटलेली. ते शाळेत मास्तर होते. त्यांनी मुलाकडं पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या मागच्या चाकाला लागून ये. दम खा. पाणी पी. मग तू पुढं हो."

मुलगा मास्तरांच्या मागं गेला. काय नवल! वारा एकदम कमी झाला. तो पाणी प्याला. थोडा दम आला. मग तो पुढं झाला आणि मास्तर मागं. दोनशे पेडल एकाची, दोनशे पेडल दुसऱ्याची. असं करत दोघं नीरेच्या पुलावर आले. पुढं गेलेल्या तिघांपैकी दोघे दमलेले दिसले. त्यांना त्यांनी मागं टाकलं.

बारामतीची वस्ती आली. शेवटच्या दोरीपाशी मुलानं उरलासुरला जोर केला. मास्तरांनीही केला. मास्तर चाकभर पुढं गेले.

मुलाचा नंबर बारावा आला. मास्तरांचा अकरावा. बक्षीस पहिल्या पाचांना होतं.

मामाचा हिशेब

भाचा मामाजवळ येऊन खाली बसला. म्हणाला, "जाताना मी सगळ्यांत पुढं होतो, मामा. येताना माझे पाय गेले."

मामा म्हणाला, "पाय तेच होते. वारा बदलला. जाताना तुझ्या पाठीला शीड होतं. तुला ते दिसलं नाही."

मग त्यानं काडी घेऊन मातीत आकडे लिहिले.

"वारा ताशी १० किलोमीटर धर. जाताना तो पाठीला होता. तुझा वेग ३५. पाठीच्या वाऱ्याचे १० वजा कर. म्हणजे हवा तुझ्या अंगावर आली २५ च्या वेगानं. परत येताना वारा समोर. तुझा वेग २५. त्यात १० मिळव. हवा अंगावर आली ३५ च्या वेगानं. कळलं का? सायकल हळू चालली होती, पण हवा जास्त जोरानं अडवत होती."

"किती जास्त?"

"हवेची चाल वेगळी असते. अंगावर येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला तर तिचा अडथळा दुप्पट होत नाही. चौपट होतो. २५ चे ३५ झाले, तर अडथळा जवळजवळ दुप्पट होतो."

मामा पुढं म्हणाला, "सपाट रस्त्यावर सायकल ताशी तीसच्या वर गेली की आपली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. पुढं दुसरा माणूस असला की हवा तो फोडतो. मागच्याची मेहनत चौथ्या हिश्श्यानं तरी वाचते. कधी त्याहूनही जास्त. थंडीत करकोचे बघ. आभाळातून रांगेनं जातात. उगाच नाही जात."

"मग पहिल्याच माणसानं सगळा वारा का खावा?"

"म्हणून तर पाळी असते. जो पाळी घेत नाही, त्याला रांगेत कोणी मानत नाही."

"घाटातही असंच का, मामा?"

"घाटात वेग कमी असतो. तिथं हवेपेक्षा अंगाचं वजन जास्त छळतं. मुंबई ते पुणे सायकल शर्यत बोरघाट चढून येते. घाट जो सगळ्यांच्या आधी चढतो, त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तिथं दुसऱ्याच्या मागं लपून फार भागत नाही. पण घाटापर्यंत ताकद राखायची, तर आधी सपाटीवर वारा ओळखावा लागतो."

घरी

संध्याकाळी मुलगा घरी आला. आई म्हशीची धार काढत होती.

"कितवा आलास?"

"बारावा."

"म्हणजे बक्षीस नाही."

"नाही, आई."

"मग वगार?"

मुलाजवळ उत्तर नव्हतं. तो म्हशीला वैरण टाकू लागला.

आबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "जाताना वारा पाठीला होता ना?"

"तुम्हाला कसं कळलं, आबा?"

"अरे, थंडीत आपल्याकडं वारा उगवतीकडून येतो. फलटणचा रस्ता बारामतीहून मावळतीला उतरतो. जाताना वारा पाठीला, येताना तोंडावर. खळ्यावर धान्य उफणताना आधी वारा बघूनच उभं राहावं लागतं. नाहीतर भुसा आपल्याच डोळ्यांत. मला विचारायचं होतंस."

मुलगा गप्प राहिला. आबांना शर्यतीतलं काही कळतं, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

आई धार काढून उठली. म्हणाली, "सायकल विक असं मी म्हणत नाही. पण पुढच्या दिवाळीपर्यंत वगारीचे पैसे घरात आले पाहिजेत."

मुलानं विचार केला. दुसऱ्या दिवसापासून तो आळीतल्या चार घरांचं दूधही डेअरीवर नेऊ लागला. प्रत्येक घर त्याबद्दल थोडे पैसे देई. भरलेले कॅन लावून जुनी जड सायकल चालवायची, म्हणजे पायांनाही सराव.

त्यानं एक वही घातली. वहीच्या डाव्या पानावर वगारीचा हिशेब. उजव्या पानावर सरावाचा. तारीख, किती किलोमीटर, वारा कुठून, पाणी किती प्याला. वारा कुठून ते तो रोज सकाळी आबांना विचारून लिही.

पुढची शर्यत जानेवारीत होती. डाव्या पानावरची रक्कम अजून लहान होती.

मंडळी, वारा पाठीला असला की तो कळत नाही. सगळं आपल्याच बळावर चाललंय असं वाटतं. तोंडावर आला म्हणजेच वारा कळतो. शहाणा माणूस निघायच्या आधीच वारा बघतो.

सांगा पाहू

१. जाताना मुलाचे पाय हलके का वाटले?
२. रांगेतली माणसं पाळी का घेत होती?
३. सायकलीचा वेग ताशी २० किलोमीटर आहे. समोरून ताशी १० किलोमीटर वेगानं वारा येतो. तर हवा अंगावर किती वेगानं येईल?
४. वारा कुठून येतो हे आबांना कसं माहीत होतं? तुमच्या गावात थंडीत वारा कुठून येतो?
५. वगार विकून सायकल घेतली हे बरोबर झालं का? तुम्हाला काय वाटतं ते चार ओळींत लिहा.