चिखलात उतरण्याआधी, बयो

अगं, गाडी घेतलीस त्याचा मला मनापासून आनंद झालाय. एक्सपल्स २०० ही मातीत चालणारी मोटरसायकल घेतलीस हेही बरं केलंस. आता विचारतेस, ‘ताई, पहिल्यांदा कुठे घालू?’ गाडी कुठली घ्यावी यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, म्हणून सवडीनं लिहायला बसले.

तुमच्या ग्रुपनं या रविवारी, भर जुलैत, मुरबाडकडच्या मातीत जायचं ठरवलंय. आंबिवलीत राहणाऱ्याला ते सोपंच वाटणार. टिटवाळ्यावरून गोवेलीला निघालं की मुरबाड रोड लागतो, आणि मुरबाड सोडून टोकावड्याकडे गेलं की डांबरावरून उतरणाऱ्या मातीच्या वाटाच वाटा. पण बयो, त्यातली एकही वाट बेवारस नाही. बऱ्याचशा शेतात जायच्या पाणंदी आहेत. जुलैत लावणी चालू असते, बाया कमरेतून वाकलेल्या असतात, आणि तेव्हा तिथून दहा गाड्या रोंरावत गेल्या की वाटेचा लगदा होतो. त्यानंतर महिनाभर ट्रॅक्टर रुततो तो शेतकऱ्याचा. एखाद्या खाचराचा बांध चाकाखाली फुटला तर साठवलेलं पाणी निघून जातं, आणि भाताला तर तेच पाणी हवं असतं. उरलेल्या बऱ्याच वाटा वनखात्याच्या. सिद्धगडाचं रान भीमाशंकर अभयारण्यात येतं, शहापूरकडे तानसा अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय शिरणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आणि आपल्या आंबिवलीच्या टेकडीवर महापालिकेनं झाडं लावून जैवविविधता उद्यान केलंय, तिथे तर चाक लावायचं मनातसुद्धा आणू नकोस. ओल्या उतारावर टायरची चरी पडली की पुढचा सगळा पाऊस त्याच चरीतून वाहतो आणि माती घेऊन जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सुरुवातीला जिथे कुणी तुला आत सोडतं, मोजतं, आणि बाहेर आलीस की नाही ते बघतं, अशाच ठिकाणी चालव. लोणावळ्याला डेला अ‍ॅडव्हेंचरसारखी पार्क आहेत, तिथे एटीव्ही, म्हणजे मातीत चालवायची उघडी चारचाकी, आणि डर्ट बाइक दोन्ही मिळतात. महिंद्रानं इगतपुरीला जीपवाल्यांसाठी ऑफ-रोडचं प्रशिक्षण सुरू केलं होतं, कारण ताकदीची गाडी हातात आली तरी चढ-उतार आपोआप येत नाहीत. ठिकाण निवडताना जाहिरातीतली चिखलाची कारंजी बघू नकोस. फोन करून विचार, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले असे सगळे साहसी खेळ चालवणाऱ्यांना नोंदणी सांगितली आहे. मग विचार, सोबत माणूस असतो की नुसती चावी देतात, येणारी-जाणारी वाट एकच आहे की फेरी एकाच दिशेनं चालते, आणि कुणी पडलं तर जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर. समोरचा या प्रश्नांना वैतागला, तर तिथे जाऊच नकोस.

एटीव्हीबद्दल जरा जास्त बोलते, कारण चार चाकं बघून सगळे निर्धास्त होतात. ती गाडी अंगानं चालवायची असते. वळणावर शरीर आतल्या बाजूला नेलं नाही, चढावर पुढे झुकलं नाही, तर ती उलटते आणि तिचं वजन माणसाच्या अंगावर येतं. बऱ्याच एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. मातीत ती घसरून वळण घेतात, पण डांबरावर किंवा सिमेंटवर घसरता येत नाही, तिथे गाडी हट्टानं सरळ जाते नाहीतर कलंडते. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हींचे इतके अपघात झाले, की १९८८ मध्ये कंपन्यांना त्यांची विक्री थांबवायला लागली. चारचाकी राहिली, पण तीही नियमांसकट. एका माणसाच्या गाडीवर एकच माणूस, आणि सोळाच्या खालच्या मुलाला मोठ्यांची गाडी द्यायची नाही. आपल्याकडे हौसेनं पाच वर्षांचं लेकरू पुढ्यात घेऊन फोटो काढतात. दादाच्या छोट्याला तसं बसवायचा आग्रह झाला, तर तू सरळ नाही म्हण.

आणि ओढणी! ओढणी, स्टोल, मोकळे केस, लांब कुर्ता, यांतलं काहीही चाकाजवळ किंवा चेनजवळ नको. पावलाच्या घोट्यावर येणारे बूट, गुडघ्याचे पॅड, हातमोजे आणि हनुवटी झाकणारं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट. भाड्याचं हेल्मेट डोक्यावर हलत असेल तर दुसरं मागायचं, लाजायचं नाही.

आता तुझ्या गाडीविषयी. सीट सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास, वजन दीडशे किलोच्या पुढे. तुझ्या उंचीला दोन्ही टाचा टेकणार नाहीत, आणि तेवढ्यानं तू घाबरू नकोस. एकच पाय नीट टेकायची सवय कर. एखाद्या मोकळ्या मैदानात, मालकाला विचारून, अगदी हळू आठचा आकडा काढत राहा. फूटरेस्टवर उभी राहा, गुडघ्यांनी टाकी धर, कोपरं बाहेर, नजर चाकापुढे नाही तर वीस-पंचवीस फूट लांब. मातीत वेगानं जाणं कुणालाही जमतं, सावकाश जाणं शिकायला लागतं. उतारावर पहिला गिअर, क्लच सोडलेला, इंजिनलाच गाडी धरू दे. पुढचा ब्रेक दोन बोटांनी हळुवार, कारण लाल चिखलात तो दाबला की पुढचं चाक जागेवरून सुटतं. चढावर मध्येच गाडी बंद पडली तर गिअरमध्येच ठेवून क्लच सोड, पुढचा ब्रेक धर, आणि उताराच्या वरच्या बाजूला उतर. खालच्या बाजूला उतरलीस तर गाडी तुझ्यावर येईल. पडायला लागली तर पडू दे. हँडल तुटलं तर नवीन मिळतं.

हवा थोडी कमी केली की टायर मातीला चांगला धरतो. पण तुझ्या गाडीच्या टायरात ट्यूब आहे, फार कमी केलीस तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. डांबरावर येण्याआधी हवा परत भरायची, म्हणून छोटा पंप सोबत ठेव.

पाण्याचं मात्र मी तुला पुन्हापुन्हा सांगणार. ओढा दिसला की आधी चालत जाऊन यायचं. पायाखाली शेवाळलेला कातळ आहे की गोटे, हे पायालाच कळतं. पाणी गढूळ आणि वाहतं असेल, किंवा गुडघ्याला लागत असेल, तर परत फिरायचं. तुझ्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात असतो. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण गेले, बघता बघता पाणी वाढलं होतं. आपली उल्हास तर तुला ठाऊक आहे. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीजवळ तिच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर माणसं बाहेर काढावी लागली. आख्खी रेल्वे जिथे थांबते तिथे आपण मोटरसायकल घालायची नाही. आणि गाडी पाण्यात बुडून बंद पडलीच, तर स्टार्टर मारू नकोस. इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतला रॉड वाकतो. बाहेर ढकलत आण आणि मेकॅनिकला बोलाव.

एक बायकांचं बोलते. रस्त्यात आडोसा मिळणार नाही म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. दुपारी डोकं जड होतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि नेमकं तेव्हाच हातून चूक होते. पाणी पी. निघण्याआधीच थांबायच्या जागा ठरव, आणि ग्रुपमधल्या मुलांना स्पष्ट सांग की इथे थांबायचंय. पाळी असेल आणि पोट दुखत असेल तर त्या दिवशी जाऊ नकोस. पुढचा रविवार आहेच. आणि समोरचा चढ तुला झेपणार नाही असं वाटलं तर ‘मी इथूनच बघते’ म्हणून गाडी बाजूला लाव. त्यावर हसणारा माणूस तुझ्या ग्रुपमध्ये असेल तर तो ग्रुप बदल.

तुला ती रायडर ऐश्वर्या पिसे आवडते ना? २०१९ला एफआयएमच्या बाहा वर्ल्ड कपमध्ये महिलांचं जेतेपद तिनं आणलं. बघ तिच्याकडे, जरूर बघ. आणि सी. एस. संतोषकडेही बघ. २०१५ला डाकार रॅली पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. २०२१ मध्ये त्याच रॅलीत सौदीत तो पडला, डोक्याला मार बसला, कोमात ठेवावं लागलं. तो वाचला, कारण तिथे हेलिकॉप्टर आणि डॉक्टर तयार होते. टोकावड्यापुढच्या रानात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तिथे १०८ला फोन लावायचा तर आधी एकाला वर रस्त्यावर यावं लागतं. म्हणून तिघांपेक्षा कमी जणांनी आत जायचं नाही.

विम्याचे कागदही वाच. नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचण्या धरत नाहीत.

आता या रविवारचं. ग्रुपला सांग, लावणी उरकू दे, आपण दिवाळीनंतर जमीन वाळल्यावर जाऊ, आणि तेव्हाही आधी गावातल्या कुणाला विचारून. तोवर पार्कमध्ये एक दिवस घाल, माझे गुडघ्याचे पॅड तुला होतील. जायच्या आदल्या रात्री मला जागेचं नाव, सोबत कोण आहे आणि किती वाजता परत येणार, एवढं कळव. आईलाही सांग. ती ओरडेल, पण तिला माहीत असलेलं बरं.