संगणकाचा वेग आणि उष्णतेचा हिशेब

संगणकाचा वेग वाढविण्यासाठी दर वेळी नवा प्रोसेसर खरेदी करावा लागतोच असे नाही. उत्पादकाने निश्चित केलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेने प्रोसेसर चालविण्यास 'ओव्हरक्लॉकिंग' असे म्हणतात. १९९८ मध्ये बाजारात आलेला इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा प्रोसेसर याचे ठळक उदाहरण होय. ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर, मदरबोर्डवरील बसची वारंवारता ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेल्यास अनेकदा ४५० मेगाहर्ट्झने चालत असे. ही दीडपट वाढ वरकरणी फुकट मिळाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिची किंमत उष्णतेच्या रूपाने चुकवावी लागते. ही किंमत किती आणि ती कोठपर्यंत चुकविणे परवडते, हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

उष्णता का वाढते?

प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होत असतात. या क्रियेत खर्च होणारी शक्ती तीन घटकांवर अवलंबून असते : विद्युत धारिता, विद्युतदाबाचा वर्ग आणि वारंवारता. या तिन्हींचा गुणाकार केल्यास शक्तीचे प्रमाण मिळते. वापरलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते.

केवळ वारंवारता २० टक्क्यांनी वाढविली तर शक्तीही २० टक्क्यांनीच वाढेल. परंतु अधिक वेगाने अचूक काम होण्यासाठी बहुधा विद्युतदाबही वाढवावा लागतो. तो १० टक्क्यांनी वाढविल्यास शक्तीचे प्रमाण १.१ × १.१ × १.२ म्हणजे सुमारे १.४५ पट होते. याचा अर्थ, वेगातील २० टक्के वाढीसाठी उष्णता ४५ टक्क्यांनी वाढते. पुढील प्रत्येक टप्प्यावर वेगाची वाढ अल्प आणि उष्णतेची वाढ अधिक असते. वाढत्या सीमांत खर्चाचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.

यात आणखी एक भर पडते. तापमान वाढले की ट्रान्झिस्टरमधून होणारी विद्युतप्रवाहाची गळती वाढते आणि या गळतीमुळे पुन्हा उष्णता निर्माण होते. हे दुष्टचक्र वेळीच रोखणे आवश्यक ठरते.

तापमानाचे गणित

प्रोसेसरचे तापमान ठरविणाऱ्या बाबी तीन : निर्माण होणारी उष्णता, खोलीचे तापमान आणि उष्णतेच्या मार्गातील अडथळा. या अडथळ्यास औष्णिक रोध म्हणतात. हा रोध प्रतिवॅट ०.३ अंश सेल्सिअस आहे असे गृहीत धरल्यास, १०० वॅट उष्णता निर्माण करणारा प्रोसेसर खोलीपेक्षा ३० अंशांनी अधिक तापेल. खोलीत २५ अंश तापमान असल्यास तो ५५ अंशांवर स्थिरावेल. ओव्हरक्लॉकिंगनंतर १४५ वॅट उष्णता निर्माण झाली तर तापमान सुमारे ६९ अंश होईल. हाच संगणक उत्तर भारतात किंवा विदर्भात मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत चालविला, तर ते ८४ अंशांवर पोहोचेल. थंड हवेच्या देशांतील अनुभव आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो याच कारणामुळे.

आधुनिक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल तापमान मर्यादा साधारणतः ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठली जाताच प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपोआप कमी करतो. अशा वेळी वीज जादा खर्च होऊनही अपेक्षित वेग मिळत नाही. शिवाय दीर्घकाळ उच्च तापमान आणि उच्च विद्युतदाब राहिल्यास चिपमधील सूक्ष्म धातूवाहिन्यांची झीज होऊन तिचे आयुर्मान घटते.

उपायांचा क्रम

तापमान नियंत्रणाचे उपाय कमी खर्चाकडून अधिक खर्चाकडे या क्रमाने योजणे श्रेयस्कर ठरते.

१. विद्युतदाबाचे नियमन : आवश्यकतेपेक्षा अधिक विद्युतदाब देऊ नये. त्याच वारंवारतेवर विद्युतदाब १० टक्क्यांनी कमी करणे शक्य झाले, तर उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते. यास कोणताही भांडवली खर्च येत नाही. मात्र बदलानंतर संगणक पूर्ण भारावर स्थिरपणे चालतो की नाही, हे तपासणे अगत्याचे असते.

२. स्वच्छता आणि वायुवीजन : धुळीने भरलेले पंखे आणि भिंतीला टेकवून ठेवलेली कॅबिनेट यांमुळे गरम हवा आतच कोंडते. समोरून थंड हवा आत व मागून गरम हवा बाहेर, अशी व्यवस्था असावी.

३. औष्णिक लेप : प्रोसेसर आणि उष्णताशोषक यांच्या पृष्ठभागांमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात व त्यांत उष्णतेची अत्यंत मंद वाहक असलेली हवा असते. या पोकळ्या लेपाने भरून निघतात. परंतु लेपाची वाहकता तांबे किंवा ॲल्युमिनियमपेक्षा पुष्कळच कमी असल्याने त्याचा थर पातळच हवा.

४. उत्तम शीतक : मोठा उष्णताशोषक किंवा द्रवशीतन प्रणाली. समान आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. तरीही नेहमीची जलशीतन प्रणाली प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, ही मर्यादा ध्यानात घ्यावी.

लाभ आणि व्यय

वरील उदाहरणात वेग १.२ पट झाल्याने तेच काम सुमारे १७ टक्के कमी वेळात होते. परंतु शक्ती १.४५ पट झाल्याने त्या कामासाठी लागणारी ऊर्जा सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. खोली वातानुकूलित असेल तर ही उष्णता बाहेर टाकण्याचा खर्च वेगळा. वातानुकूलन यंत्र एक एकक विजेत तीन एकक उष्णता बाहेर टाकत असेल, तर १४५ वॅटसाठी आणखी सुमारे ४८ वॅट लागतात. ज्याच्या वेळेचे मोल या जादा खर्चाहून अधिक आहे, त्यालाच हा व्यवहार किफायतशीर ठरतो. कार्यालयातील पत्रव्यवहारासारख्या कामांना त्याची गरज नसते.

उद्योगाने घेतलेला धडा

१९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या तत्त्वानुसार, ट्रान्झिस्टर लहान होताना विद्युतदाबही त्याच प्रमाणात घटवता आला, तर चिपच्या प्रतिएकक क्षेत्रफळावरील शक्ती स्थिर राहते. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यास, गळतीमुळे विद्युतदाब आणखी घटविणे कठीण झाले व हा लाभ संपुष्टात आला. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना रद्द केली. २००५ पासून डेस्कटॉपसाठी एकाच चिपवर दोन गाभे असलेले प्रोसेसर आले. एकच गाभा अतिवेगाने पळविण्याऐवजी अनेक गाभ्यांत काम विभागण्याचा हा मार्ग उष्णतेच्या मर्यादेतूनच निघाला.

महासंगणकांनाही हाच नियम लागू आहे. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकात द्रवशीतनाचा अवलंब करण्यात आला आहे. माहिती केंद्रांची कार्यक्षमता मोजताना केंद्राची एकूण वीज आणि संगणकीय उपकरणांची वीज यांचे गुणोत्तर पाहिले जाते. ते एकाच्या जितके जवळ, तितका शीतनासारख्या पूरक बाबींवरील खर्च कमी. केवळ प्रोसेसर व वातानुकूलन यांचाच विचार केल्यास वरील उदाहरणातील खोलीसाठी ते सुमारे १.३३ येते.

सारांश, संगणकाची क्षमता केवळ गिगाहर्ट्झमध्ये मोजणे अपुरे आहे. प्रत्येक एकक ऊर्जेत किती काम झाले, हा तिचा खरा निकष होय. घरातील एका संगणकापासून देशाच्या माहिती केंद्रांपर्यंत हा निकष सारखाच लागू पडतो. उष्ण हवामानाच्या आणि विजेची मागणी वाढत असलेल्या देशात तर त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.