डावीकडे पोट जड वाटतंय? एकदा सीबीसी करून घ्या



आजच्या आरोग्य पाठात आपण सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हा रक्ताचा कर्करोग समजून घेऊया.

श्रीमंत देशांत याचे बरेच रुग्ण काहीच त्रास नसताना सापडतात. नेहमीच्या तपासणीला रक्त दिलं, पांढऱ्या पेशी जास्त निघाल्या, एवढंच. आपल्याकडे उलटं. त्रास सोसवेनासा झाल्याशिवाय आपण रक्त तपासत नाही. शिवाय तिकडे रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचे, भारतात मात्र अनेकजण तिशी-चाळिशीतले. म्हणजे घरातला कमावता माणूसच.

तो डॉक्टरकडे येतो तेव्हा काय दिसतं?

🔹 डाव्या बरगडीखाली जडपणा, दोन घासांत पोट भरणं. कारण पाणथरी (प्लीहा) सुजलेली असते, कधी पार बेंबीपर्यंत.
🔹 थकवा, धाप, चेहरा फिकट
🔹 वजन घटणं, रात्री घाम, बारीक ताप
🔹 क्वचित पुरुषांत तासन्‌तास न उतरणारी, दुखरी ताठरता. लाजू नका, लगेच इस्पितळात जा.

घोटाळा इथेच होतो. पोट जड म्हणून गॅसची गोळी, थकवा म्हणून टॉनिक, ताप म्हणून मलेरियाचं औषध. मलेरियातही पाणथरी वाढतेच! यात महिने जातात आणि संथ असलेला रोग उग्र होऊ शकतो.

⚠️ सुजलेलं पोट जोरात चोळू नका. पाणथरी फुटण्याचा धोका असतो.

मग करायचं काय? साधी सीबीसी. पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. सीएमएलमध्ये बऱ्याचदा लाखाच्या वर जातात. पक्कं निदान बीसीआर-एबीएल तपासणीने होतं.

२००१ पासून यावर इमॅटिनिब ही गोळी आहे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिचं पेटंट नाकारलं, म्हणून आपल्या देशात ती स्वस्त जेनेरिक रूपात मिळते. रोग पहिल्या अवस्थेत सापडला आणि गोळी रोज घेतली, तर बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं कामधंदा करत जगतात. बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही. बोटीवर जातानाही सोबत घ्यायची.

१ जून ते ३१ जुलै बंदीत बोटी किनाऱ्याला असतात. वरचा त्रास आठवडाभर टिकला असेल, तर तेव्हाची वाट न बघता लगेच जा. काही त्रास नसेल, तर निदान बंदीत तरी एकदा रक्त तपासून घ्या.

ही माहिती आपल्या खलाशांपर्यंतही पोचवा. 🙏