शांततेची पीएचडी : अर्ज कसा करावा?

प्लेसमेंटच्या सीझनमध्ये ‘मला पीस स्टडीजमध्ये पीएचडी करायची आहे’ असं हॉस्टेलवर बोलून बघा. पहिला प्रश्न येतो, ‘पैसे कोण देणार?’ आणि दुसरा, ‘शांततेत शिकण्यासारखं असतं काय?’ मी दुसऱ्यापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर देता आलं नाही, तर पैसेही कोणी देत नाही.

नॉर्वेचे योहान गाल्टुंग हे या विषयाचे एक संस्थापक मानले जातात. १९५९ साली त्यांनी ऑस्लोमध्ये शांतता संशोधन संस्था सुरू केली. त्यांची एक मांडणी आपल्याला लगेच कळेल. मारामारी थांबली की जी येते ती नकारात्मक शांतता. मारामारीमागचा अन्याय संपतो तेव्हा येते ती सकारात्मक शांतता. म्हणजे मशीनचा आवाज बंद झाला, पण फॉल्ट गेला का, हे तपासायचं.

आता अर्जाचं बोलू. माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘मला लहानपणापासून जगात शांतता हवी आहे’ अशी होती. एका मॅडमनी त्यावर लाल पेनने लिहिलं, ‘कोणाला नको आहे?’ राग आला, पण खरं होतं. निवड समितीला इच्छा नको असते, प्रश्न हवा असतो. तोही असा, की ज्याचं उत्तर चार-पाच वर्षांत कागदपत्रं चाळून आणि माणसांशी बोलून शोधता येईल.

असा प्रश्न आपल्या विद्यापीठाच्या गेटवरच उभा आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दंगली पेटल्या. दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. अंमलबजावणी थांबली. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव आलं. ‘मराठवाडा’ हा शब्द राहिला, म्हणून त्याला नामविस्तार म्हणतात. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झालं. सोळा वर्षं जे जमलं नाही ते एका तडजोडीने जमलं. पण ज्या गावांत घरं जळली तिथे नंतर काय झालं? लोक परत आले का? एका पाणवठ्यावर पाणी भरायला लागले का? इथे गाल्टुंगची फूटपट्टी लावता येते. हा झाला रिसर्च प्रपोजल.

आता पैसे. आपल्यासाठी चांगली बातमी म्हणजे २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर आपल्या शाखेबाहेरच्या विषयातही नेट देता येते (राखीव प्रवर्गांना सवलत आहे). जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, हा दर २०२३ पासूनचा. दिल्लीत जामिया मिल्लियामध्ये नेल्सन मंडेलांच्या नावाचं शांतता अभ्यास केंद्र आहे. अमेरिकेत नोत्रदाम विद्यापीठाची क्रॉक इन्स्टिट्यूट पीएचडीची फी आणि स्टायपेंड दोन्ही देते, मात्र तिथे पीस स्टडीजला इतिहास, समाजशास्त्र अशा एखाद्या विषयाची जोड घ्यावी लागते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात पीएचडीचा विद्यार्थी हा पगारी नोकर असतो. जागेची जाहिरात निघते, आपण नोकरीसारखा अर्ज करायचा, पण आधी मास्टर्स लागते. रोटरी पीस फेलोशिपच्या मागे बरेच जण लागतात. ती पीएचडीसाठी नाहीच.

अटी मात्र बारीक वाचा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. केंद्राच्या योजनेत २०२२ साली एक अट आली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन, हे विषय चालणार नाहीत. म्हणजे नामांतराचा वरचा प्रपोजल कितीही चांगला असला तरी त्या अटीत तो बसत नाही. म्हणून ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची नियमावली आधी काढा, विषय नंतर ठरवा.

ज्यांच्या नावासाठी हे सगळं झालं, तेही स्कॉलरशिपवरच शिकले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट होता. १९१७ मध्ये परत येऊन ते नोकरीवर रुजू झाले, तर बडोद्यात राहायला जागा मिळेना. १९२० साली स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राचं कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. करार करताना पैशाचा आकडा दिसतो, मुदत संपल्यावरचा महिना दिसत नाही. माझ्या वहीत त्यासाठी आता वेगळा रकाना आहे.

माझा अर्ज तिसऱ्या पानावर अडलाय. तिथे लिहायचं आहे की मी कोणाच्या मुलाखती घेणार. आमचे आजोबा १९७८ मध्ये परभणीजवळच्या आमच्या गावातच होते. त्या जुलैबद्दल विचारलं की ते रेडिओचा आवाज वाढवतात. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा विचारणार आहे.