जुना कट, नवा दगड

बेंगळुरूतल्या जुन्या घरांत हिरे आहेत आणि त्यातले बरेचसे कानात घालायचे आहेत. सात हिऱ्यांच्या कुड्या. कानडी शेजारणी त्यांना 'वज्रद ओले' म्हणतात. माझ्या सासूबाईंच्याही होत्या. पूर्वी एकदा त्या चिकपेटेत दाखवायला नेल्या, तेव्हा सराफाने भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच खाली ठेवलं. जुना कट आहे, चमक नाही, मोडीत द्या आणि नवे घ्या, एवढंच तो बोलला. सासूबाईंनी दिल्या नाहीत.

आता वारं फिरलं आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेच्या साखरपुड्याची अंगठी जगभर झळकली. तिच्यातला हिरा 'ओल्ड माइन' कटाचा होता. माझ्या भाचीचं लग्न त्याच सुमारास ठरलं आणि तिनेही तसाच हिरा हवा म्हणून धरून ठेवलं. हट्ट चांगला होता, कारण हे हिरे खरोखर देखणे असतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कारागिरांनी ते नजरेच्या अंदाजाने, हाताने घासले. डोकं उंच, वरचा सपाट पैलू लहान, कडा पूर्ण गोल नाही, आणि तळाचं टोक छाटलेलं. भिंगातून वरून पाहिलं की मधोमध त्या छाटलेल्या टोकाची इवलीशी खिडकी दिसते. पैलू मोठे असल्यामुळे प्रकाश बारीक बारीक लुकलुकत नाही. हात हलला की ठसठशीत तुकड्यांनी उजळतो आणि विझतो. दिव्याच्या मंद उजेडात तर असा हिरा नव्या कटाच्या हिऱ्याला मागे टाकतो.

मग हे हिरे गेले कुठे? १९१९ मध्ये मार्सेल टॉल्कोव्स्की यांनी गणित मांडून गोल हिऱ्याची मापं सांगितली आणि हळूहळू सगळा बाजार त्या मापांकडे वळला. जुने हिरे पुन्हा सहाणेवर गेले. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या 'नासक' हिऱ्याचं उदाहरण घ्या. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला, लंडनमध्ये त्याला नव्याने पैलू पाडले, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा. मूळचा नव्वद कॅरेटच्या आसपासचा हिरा ४३.३८ कॅरेटवर आला. घराघरांतल्या लहान हिऱ्यांचं तेच झालं, फक्त त्याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून कोणी 'पुन्हा पैलू पाडून देतो, चमक वाढेल' म्हणालं, तर नको म्हणा. वजन जातं, वय जातं, आणि आज ज्या गोष्टीला किंमत आहे तीच जाते.

भाचीसाठी शोध सुरू झाला. ओळखीतून एका दलालाचं नाव कळलं. त्याने कागदाची घडी उलगडून दीड कॅरेटचा दगड समोर ठेवला. सगळी लक्षणं होती: उंच डोकं, छोटी खिडकी, किंचित चौकोनी कडा. आणि पाणी? अगदी स्वच्छ. पिवळेपणाचा लवलेश नाही. त्याने खिशातला पेनसारखा टेस्टर लावला, तो वाजला. मग टेबलावरच्या छोट्या यंत्रात दगड ठेवला. यंत्राने 'पुढील तपासणी हवी' असा इशारा दिला. "बघा मॅडम," तो म्हणाला, "टाइप टू-ए आहे, म्हणून असं दाखवतं. गोलकोंडा!"

त्याचं अर्धं वाक्य खरं होतं आणि धोका त्यातच होता. ज्या हिऱ्यात नायट्रोजन जवळपास नसतो तो टाइप टू-ए. खाणीतल्या हिऱ्यांत अशांचं प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आहे आणि गोलकोंड्याचे नामांकित हिरे याच जातीचे. पण सीव्हीडी पद्धतीने प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही टाइप टू-ए असतात! म्हणूनच तर ते यंत्र असा दगड बाजूला काढायला सांगतं. गोलकोंड्याची ग्वाही ते देत नाही. पेन-टेस्टरची तर त्याहून कमी मातब्बरी. तो दगडातून उष्णता किती झपाट्याने वाहते ते बघतो. काच आणि झिरकॉन त्यात पकडले जातात, पण प्रयोगशाळेतला हिरा हा हिराच असल्यामुळे तिथे बिनदिक्कत पास होतो.

आम्ही एकच अट घातली: आधी नामांकित प्रयोगशाळेचा रिपोर्ट, मग पैसे. रिपोर्ट आला. दगड सीव्हीडीचा, वर जुन्या कटाचे पैलू. दलाल म्हणाला, मलाही असाच विकला गेला. ते खरंही असेल.

बाजार बदलला तो इथे. पूर्वी कट हाच वयाचा पुरावा होता, कारण कित्येक वर्षं असा हिरा फारसं कुणी घडवतच नव्हतं. आता मागणी आली, तसे सुरतेतले कुशल कारागीर नव्या नैसर्गिक खड्यावरही हे पैलू पाडतात आणि प्रयोगशाळेतल्या खड्यावरही. त्यात गैर काही नाही. नव्याला नवं म्हणून विकलं तर तो सुंदर, प्रामाणिक माल आहे. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत इतके कोसळले आहेत की ते हौसेने घ्यावेत, पुंजी म्हणून मात्र नाही. फसवणूक होते ती नव्याच्या अंगावर जुन्याची किंमत चढवली की.

तेव्हा घेताना आधी स्वतःशी ठरवा: तुम्हाला रूप हवं आहे की वय? रूप हवं असेल तर वयाचे पैसे देऊ नका. वय हवं असेल तर नुसत्या रिपोर्टवर थांबू नका. हिरा नैसर्गिक आहे आणि त्याचा कट 'ओल्ड माइन' किंवा 'ओल्ड युरोपियन' आहे, एवढं रिपोर्ट सांगतो. तो कोणत्या साली घासला ते सांगत नाही. कटाची श्रेणी त्यावर नसते, त्याने बिचकू नका. ती सहसा ठरावीक मापाच्या गोल हिऱ्यांनाच देतात. वयाचा पुरावा दागिन्यात असतो: कोंदणाची घडण, झिजलेल्या कडा, जुनी पावती, घराण्याची माहिती. सुट्या खड्याला यातलं काहीच नसतं, म्हणून सुट्या खड्याच्या 'शंभर वर्षांच्या' कहाणीला मी एक रुपयाही जास्त देणार नाही. 'ब्लू जागर' या शब्दालाही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफॉन्टेन खाणीवरून आलेला हा शब्द इथले सराफ आजही कौतुकाने वापरतात, पण बिलावर तो पुरावा होत नाही.

रंगाला मात्र घाबरू नका. रिपोर्टवर के, एल, एम अशी अक्षरं दिसली तर नव्या हिऱ्यात ती उणीव धरतात. जुन्या कटात तीच पिवळसर ऊब शोभते, आणि भावही आटोक्यात राहतो. भाचीने शेवटी एल रंगाचा, कॅरेटहून लहान हिरा घेतला, जुन्या अंगठीसकट, आणि अंगठी तशीच ठेवली.

घरात कुड्या असतील त्यांनी जास्त जपावं. जुन्या कुड्यांचं कोंदण मागून बंद असतं, आत लाख आणि कधी चकाकता पत्रा. त्यामुळे हिऱ्याचा खरा रंग झाकला जातो आणि टवका उडालेलाही कळत नाही. उघडल्याशिवाय सांगितलेला भाव हा अंदाजच. लाखेचं वजन सोन्यात धरलं जातंय का ते विचारा. धुवायला किंवा पॉलिशला देण्याआधी प्रत्येक खड्याचा जवळून फोटो काढा, समोर वजन करून घ्या आणि पावतीवर खड्यांची संख्या लिहून घ्या. खडा बदलला जातो तो बहुधा याच कामात. आणि विकायचंच ठरलं तर सोन्याचा आणि हिऱ्यांचा भाव वेगवेगळा मागा, दोन-तीन ठिकाणी दाखवा. 'जुना माल' म्हणून मोडीच्या भावात घेतलेले हेच हिरे पुढे परदेशी ग्राहकाकडे चढ्या भावाने जातात.