पिल्लाला घर शोधायचंय? आधी खर्चाचा अंदाज घ्या

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेल्या पिल्लाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि जो पहिला ‘मला हवंय’ म्हणेल त्याच्या हाती ते सोपवायचं, एवढंच काम आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. पैशांचा प्रश्न मनात येतच नाही. पण लस न दिलेलं पिल्लू नव्या घरी जाऊन चार दिवसांत पार्वो या विषाणूजन्य आजाराने आजारी पडलं की घरचे घाबरतात, दवाखान्याचं बिल बघून आणखी घाबरतात आणि ‘तुमचं कुत्रं घेऊन जा’ असा फोन येतो. वाचवलेल्या कुत्र्याला टिकाऊ घर मिळवून द्यायचं तर त्याच्या तब्येतीचा खर्च घर शोधण्याआधी करावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. खालचे आकडे पुण्या-मुंबईच्या खासगी दवाखान्यांचे ढोबळ दर आहेत. लहान शहरांत ते बरेच खाली येतात.

त्याआधी एक गोष्ट नीट पाहा. या कुत्र्याला घराची खरंच गरज आहे का? कानाला व्ही आकाराची खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे. गल्लीत त्याला खाऊ घालणारी माणसं असतील आणि ते धडधाकट असेल तर त्याला तिथेच राहू द्यावं. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला मूळ जागीच सोडायला सांगतात. घर शोधायचं ते आईवेगळ्या पिल्लांसाठी, अपंग किंवा म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी आणि कुणीतरी रस्त्यावर सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांसाठी. पिल्लांची आई जवळपास असेल तर त्यांना आठ आठवडे तिच्याजवळच राहू द्या. इथे तुमचा खर्चही वाचतो आणि पिल्लू चावणं-खेळणं भावंडांकडून शिकतं.

देण्याआधीचा खर्च

दोन महिन्यांच्या निरोगी पिल्लाचा हिशेब सोपा आहे. जंताचं औषध दर वेळी ५० ते १५० रुपये, आणि तीन महिन्यांचं होईपर्यंत ते दर पंधरा दिवसांनी द्यायचं. पार्वो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस ६०० ते १,२०० रुपये. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात ती सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, ३०० ते ५०० रुपये. दूध-भात, अंडी, चिकन किंवा पिल्लांचं तयार खाणं धरून महिन्याला दीड ते तीन हजार. म्हणजे महिना-दीड महिना पिल्लू तुमच्याकडे राहिलं तर पाच ते आठ हजार रुपये बाजूला ठेवा. निदान पहिले दोन डोस झाल्याशिवाय पिल्लू दुसऱ्या घरी पाठवू नका, कितीही गळ घातली तरी.

पार्वो झालाच तर मात्र हिशेब कोलमडतो. सलाईन, इंजेक्शनं आणि तपासण्या मिळून दिवसाला एक ते अडीच हजार, आणि असे पाच-सात दिवस. इथे मोठ्या धर्मादाय आणि सरकारी दवाखान्यांचा आधार घ्यायला संकोच करू नये. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. साताऱ्याकडच्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

मोठ्या कुत्र्याचा खर्च वेगळ्या ठिकाणी होतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांत गोचीडताप सर्रास आढळतो आणि कुत्रं वरून ठणठणीत दिसत असतं, म्हणून रक्ताची साधी तपासणी (४०० ते ८०० रुपये) आणि डॉक्टर म्हणाले तर गोचीडतापाची खास तपासणी (दीड ते तीन हजार) करून घ्या. नसबंदी खासगी दवाखान्यात नराची साडेतीन ते आठ हजार, मादीची पाच ते बारा हजार. प्राणिकल्याण संस्थांकडे ती बऱ्याचदा फुकट किंवा हजार-दोन हजारांत होते, पण नंबर लागायला वेळ लागतो. ‘मादी नको, नर असेल तर सांगा’ हे वाक्य प्रत्येकाला ऐकावं लागतं. नसबंदी झालेल्या मादीला पाळी येत नाही, पिल्लं होत नाहीत, हे समजावून सांगितलं की निम्म्या जणांची अढी जाते. म्हणून पैसे कमी असतील तर फोटोशूट, नवे पट्टे, टोप्या सगळं बाजूला ठेवा आणि नसबंदी करून घ्या.

स्वतःच्या घरी जागा नसेल तर फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणारं घर, शोधावं लागतं. ओळखीतलं कुणी ठेवत असेल तर खाण्याचा आणि औषधाचा खर्च तुम्ही द्यायचा, हा शिरस्ता आहे. पैसे घेऊन कुत्रं ठेवणारे दिवसाला ५०० ते १,००० रुपये घेतात. महिनाभरात हा आकडा वरच्या सगळ्या खर्चाला मागे टाकतो आणि मग माणूस घाईत कुणालाही कुत्रं देऊन मोकळा होतो. पावसाळा सरल्यापासून हिवाळाभर रस्त्यावर पिल्लंच पिल्लं असतात. त्या दिवसांत घर मिळायला वेळ लागणार हे धरूनच चाला.

आणि तुमचं स्वतःचं लसीकरण. वारंवार कुत्री उचलत असाल तर चावण्याआधीचे रेबीजचे तीन डोस (पहिल्या दिवशी, सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी) घेऊन ठेवा. खासगीत एक डोस साधारण ३५० ते ४०० रुपयांना पडतो. तरीही पिल्लाचा दात किंवा नख लागलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवून दवाखाना गाठायचाच. ‘एवढंसं तर पिल्लू आहे’ असं म्हणत थांबायचं नाही.

घर पारखताना

फोनवर पहिला प्रश्न विचारा: दिवसभर घरी कोण असतं? दुसरा: घर स्वतःचं की भाड्याचं? आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचे असतात. पुढच्या वर्षी नवा घरमालक ‘कुत्रं चालणार नाही’ म्हणाला तर काय, याचं उत्तर भाडेकरूने आधी देऊन ठेवलेलं बरं. सध्याच्या घरमालकाची संमती निदान मेसेजवर तरी घ्या. सोसायटीचा अडसर त्यामानाने लहान आहे. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे.

मग प्रत्यक्ष घरी जा. रिक्षाचे दोनशे-चारशे रुपये होतील, ते वाचवू नका. बाल्कनीच्या गजांमधून तुमची मूठ आरपार जात असेल तर दोन महिन्यांचं पिल्लू डोकं घालणारच. जाळी बसवल्याशिवाय देऊ नका. कुत्र्याची रात्रीची जागा दाखवायला सांगा. उत्साही मुलगा हॉलमधला कोपरा दाखवतो आणि त्याच वेळी आई ‘गॅलरीतच बरं’ म्हणते. तिथे खरा निर्णय कोणाचा, ते लगेच कळतं. स्वयंपाकघरात जी व्यक्ती असते तिच्याशी बोला. रोजचं खाणं बहुधा तिच्याच वाट्याला येणार असतं आणि बऱ्याच घरांत तिला कुणी विचारलेलंच नसतं. आजी-आजोबांची नाराजी असेल तर ‘होईल सवय’ यावर विसंबू नका.

शेतावर राखणीला कुत्रं मागणाऱ्यांबद्दल मी फार सावध असते. तिथे कुत्रं दिवसभर साखळीला असतं आणि रात्रीही उघड्यावर बांधलेलं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले या उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला होता. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. रात्री बंद खोलीत घेणार असतील तरच पुढचं बोला. असे शेतकरी आहेत आणि ते कुत्र्यांना जिवापाड सांभाळतात.

घेणाऱ्यालाही खर्चाचा आकडा तोंडावर सांगा. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याचं घरचं खाणं, गोचिडांचं औषध, वर्षाची लस सगळं धरून महिन्याला साडेतीन ते सहा हजार. दिवाळीत गावी जायचं तर बोर्डिंगचे दिवसाला ६०० ते १,२००. हे दहा-चौदा वर्षं चालणार. आकडा ऐकून माघार घेणाऱ्याचे मनापासून आभार माना.

पैसे घ्यावेत का? पिल्लाची किंमत घेऊ नये. लहान पिल्लू देत असाल तर नसबंदीची दोन-तीन हजारांची अनामत जरूर घ्या आणि सहा-सात महिन्यांनी दाखला दाखवला की परत करा. करारनामा साध्या कागदावर चालतो. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा मुद्रांक पाचशेचा झाला आहे, तो खर्च करण्याची गरज नाही. कागदावर तीन गोष्टी हव्यात: नसबंदी करू, परस्पर दुसऱ्याला देणार नाही, आणि सांभाळणं अशक्य झालं तर कुत्रं तुमच्याकडेच परत आणू. ओळखपत्राची प्रत जोडा. महापालिकेचा परवाना घ्यायला सांगा, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, म्हणून लसीकरणाची पुस्तिका सोबत द्या.

कुत्रं सोडायला स्वतः जा. मोठं कुत्रं घाबरलं की मागे सरकत मान पट्ट्यातून काढून घेतं आणि अनोळखी रस्त्यावर पळत सुटतं. म्हणून पट्टा दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट हवा, सोबत छातीचा हार्नेस आणि दोन्हींना वेगवेगळी दोरी. यांचे ७०० ते १,२०० रुपये होतात आणि पुढच्या कुत्र्यालाही ते वापरता येतात. त्याची न धुतलेली चादर आणि चार दिवसांचं नेहमीचं खाणं द्या. परगावी रेल्वेने न्यायचं असेल तर पहिल्या वर्गाच्या एसी डब्यातला पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित लागते. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, जी मी घाबरट कुत्र्यासाठी कधीच सुचवणार नाही. त्यापेक्षा भाड्याची गाडी परवडली.

पहिल्या आठवड्यात रोज, मग महिनाभर आठवड्याला एक फोन करा. ‘खातंय का’ यापेक्षा ‘व्हिडिओ पाठवा’ म्हणा. कुत्र्याची शेपटी, वजन आणि मागची खोली त्यात आपोआप दिसते. कुत्रं परत येण्याची वेळ आलीच तर बहुधा या पहिल्याच महिन्यात येते. तेव्हा वाद घालू नका, लगेच जाऊन घेऊन या. त्यासाठी फॉस्टरची आठ-दहा दिवसांची सोय आणि पाच-सात हजार रुपये तेवढा महिना हाताशी राहू द्या.